अक्षरं माझी, माणसं तिची

हातगाडीवर कैऱ्यांचा पहिला ढीग लागला की बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरला दाखवण्यासारखं हे दुखणं नाही. परवा बोरिवलीच्या बाजारात अशीच उभी होते. भाजीवाली म्हणाली, "घ्या ना ताई, लोणच्याची हाय, एकदम आंबट." मी एक कैरी उचलली, देठाकडून फिरवून पाहिली आणि मनात पहिला विचार आला तो असा, की हिची सावली डावीकडे टाकावी लागेल. कैरी हातात घेऊन सावलीचा विचार करणारी बाई त्या बाजारात मी एकटीच असणार. भाजीवालीनं माझ्या हातातली कैरी काढून घेतली आणि तराजूत टाकली.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला मी अंधेरीच्या एमआयडीसीत, लेबलं छापणाऱ्या एका प्रेसमध्ये आर्टिस्ट होते. होळी झाली की आमचा लोणच्याचा सीझन सुरू व्हायचा, तो थेट मे महिना संपेपर्यंत. लोणची, मसाले, पापड, कोकम सरबत. मुंबईतल्या बायका वर्षभराची बेगमी करायच्या, आणि त्यांच्या बरण्यांवर चिकटवायला लागणारी चित्रं आम्ही करायचो. असे पाच-सहा सीझन मी काढले. त्यातला एक मात्र अजून अंगावर आहे. त्या दोन महिन्यांत मी एका मैत्रिणीवर जितकी जळले तितकी पुन्हा कधीच कुणावर जळले नाही. जळण्याचं मला कौतुक नाही. पण लपवत बसण्याचं वयही आता राहिलेलं नाही.

आमचा गाळा पत्र्याचा होता. एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर तो पत्रा टकटक वाजायचा, आणि तेव्हाच नेमका आम्हाला पंखा बंद करावा लागायचा. त्या काळी मजकूर कागदावर छापून यायचा, तो कापून, मागे रबर सोल्यूशन लावून, एकेक ओळ हातानं जागेवर चिकटवायची. 'घरगुती' हा शब्द कापून ठेवला आणि पंखा लावला, तर 'घरगुती' थेट मशीनखाली जाऊन बसायचा. म्हणून पंखा बंद. कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून मी डोक्याला रुमाल बांधायची. गावडे म्हणून आमचे कॅमेरावाले होते, कुडाळकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. चित्रावरून फिल्म काढायचं काम त्यांचं. माझा तो रुमाल पाहून ते रोज म्हणायचे, "गो बाय, भात लावूक चल्लंस की काय?"

कैरी काढायची तर समोर कैरी हवी, असा माझा हट्ट. मालक पिशवीभर कैऱ्या आणून ठेवायचे. मी एक निवडून खिडकीत ठेवायची, पेन्सिलनं आखायला घ्यायची, आणि शाई आणायला उठून परत यावं तर खिडकीत नुसती कोय. गावड्यांनी मीठ-तिखट लावून मॉडेल खाल्लेलं असायचं. "अर्धी तरी ठेवायची," मी ओरडायची. ते बोटं पुसत म्हणायचे, "दुसरी काढ. कैरीसारखी कैरी." पाच वर्षांत मी किती कैऱ्या काढल्या त्याची गणती नाही. फांदीवरची, चिरलेली, पाण्याचा थेंब ओघळणारी, नुसती पानाआड लपलेली. आमच्या लेबलांच्या धंद्यात कैरी म्हणजे शैला, असं ऐकायला मिळायचं. मला त्या कौतुकाचा रागच यायचा. मी काय कैऱ्या काढायला आर्टस्कूलमध्ये गेले होते?

मला जायचं होतं जाहिरातीत. आणि जाहिरातीत जायचं तर पोर्टफोलिओ दाखवावा लागतो.

तो आमच्या पार्ल्याच्या घरी लोखंडी कपाटावर होता. काळं, जाड पुठ्ठ्याचं फोल्डर, तीन बाजूंनी नाड्या. आत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची कामं. दर सहा महिन्यांनी मी स्टुलावर चढून तो उतरवायची, धूळ पुसायची, नाड्या सोडायची आणि प्रत्येक वेळी माझा चेहरा पडायचा. फोल्डर बंद असलं तरी आतली चित्रं म्हातारी होत असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रबर सोल्यूशनचे पिवळे डाग वर उमटले होते. एका रेडिओची जाहिरात होती, तसला रेडिओ आता आमच्याही घरात माळ्यावर गेला होता. आणि सगळ्यात कहर म्हणजे ते कुटुंबाचं पोस्टर. आई, बाप आणि एक मुलगी समुद्रावर उभी. बापाची पॅन्ट बेलबॉटम. ऐंशी साली काढली तेव्हा अगदी झकास वाटली होती. पंच्याऐंशी साली तो माणूस दोन घागरे घालून उभा आहे असं दिसायचं.

एका रविवारी मी पांढरा पोस्टर कलर घेतला आणि त्याची पॅन्ट बारीक केली. दोन्ही पायांच्या बाजूंनी पांढरं फासून, वर नवी रेघ मारून. आईनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, नवीन चित्रच काढ ना." मी म्हटलं, "वेळ कुठंय? सीझन संपला की काढते."

'सीझन संपला की' हे माझं पालुपद होतं. पण सीझन संपतो कुठं? लोणची संपली की गणपतीच्या अगरबत्त्या यायच्या, त्या आटोपल्या की दिवाळीचं उटणं, मग संक्रांतीचा हलवा, मग परत होळी. खरं कारण वेगळं होतं. माझी नजर पाच वर्षांत सुधारली होती आणि फोल्डर जिथल्या तिथं होतं. ते उघडून कुणापुढं ठेवलं की तो माणूस मला पाच वर्षांपूर्वीची समजणार. मला वाटायचं, आधी दहा नवी कामं करीन, झकपक, आणि मग जाईन. तारीख मी मनाशी ठरवायची आणि ती आली की पुढची ठरवायची. आज माझी भाची कॉम्प्युटरसमोर बसून हेच म्हणते, अगदी याच सुरात, तेव्हा मला तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

उज्ज्वला मात्र गेली. तिचं फोल्डर माझ्याइतकंच जुनं होतं.

उज्ज्वला माझी कॉलेजातली मैत्रीण. घाटकोपरला राहायची, एका खोलीत सहा माणसं. मला निदान खिडकीपाशी टेबल होतं, ती पाट मांडीवर घेऊन चित्रं काढायची, आणि धाकटा भाऊ त्याच पाटाच्या दुसऱ्या टोकाला पाढे लिहायचा. ती माणसं काढायची. कशी काढायची ते सांगता येणार नाही. बोलता बोलता बसच्या तिकिटामागे चार रेघा ओढायची आणि एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहायची, आणि ती बाई कुणावर चिडली आहे तेही कळायचं. माझी माणसं मात्र लाकडाची. सगळे हात खिशात, कारण मला बोटं जमायची नाहीत. पण अक्षर माझं. ब्रश उचलायचा, श्वास रोखायचा, आणि 'क'च्या पोटाला जो बाक हवा तोच यायचा.

आमच्या वर्गात एक रीत होती. सबमिशनची तारीख जवळ आली की जो तो दुसऱ्याला म्हणायचा, "यार, जरा हात लाव ना." म्हणजे माझ्या चित्रातलं मला न जमणारं तू करून दे, तुझ्यातलं मी करते. सगळेच करायचे. मास्तरांनाही ते दिसायचं आणि ते मिशीतल्या मिशीत हसून मार्क द्यायचे. त्याला खोटेपणा म्हणावं असं आमच्या स्वप्नातही आलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत दुपारभर उज्ज्वला आमच्याकडे यायची, आई चिवडा ठेवायची, आणि मी तिच्या पोस्टरवर अक्षरं काढायची, ती माझ्या पोस्टरवर माणसं. समुद्रावरचं ते कुटुंब तिचंच. बेलबॉटमसकट.

तिला नोकरी लागली ती अंधेरी पश्चिमेला, स्टुडिओंच्या बाजूला, एका जुन्या बंगल्यात थाटलेल्या जाहिरात कंपनीत. पेपरात जागा आली होती ती आम्ही दोघींनी एकत्र वाचली होती. ती म्हणाली, "चल ना, उद्याच जाऊ." मी म्हटलं, "वेडी का? हे फोल्डर घेऊन? थोडं नवीन करू, मग जाऊ." ती म्हणाली, "तू कर, मी जाऊन येते." गेली, आणि तिला ठेवून घेतलं. रुळांच्या पूर्वेला मी, पश्चिमेला ती. मधे एक पूल, रिक्षानं पंधरा मिनिटं. तीन वर्षं मला तो पूल ओलांडता आला नाही.

मत्सरानं माणसाची नजर फार तीक्ष्ण होते. तिनं केस कापले ते मला दुरून कळलं. तिच्या खांद्यावरची झोळी बदलली, पायातली चप्पल बदलली, 'मी'च्या जागी 'आम्ही स्टुडिओत' आलं. आगरकर चौकात बसस्टॉपसमोर एका साबणाचं भलंथोरलं होर्डिंग लागलं, त्यावर न्हाऊन आलेली बाई केस झटकत होती. ती बाई उज्ज्वलाची हे मला खालून, रिक्षाच्या धुरातून, एका क्षणात कळलं. बाजूला उभा असलेला एक माणूस मान वर करून बघतच राहिला होता. मला त्याच्या पाठीवर थाप मारून सांगावंसं वाटलं, अहो, खालची अक्षरं बघा, किती फालतू आहेत! अक्षरं खरंच फालतू होती. त्या समाधानावर मी आठवडा काढला.

आणि उज्ज्वला वाईट असती तर किती बरं झालं असतं! दर महिन्याला घरी यायची, आईच्या हातचं कोकम सरबत प्यायची आणि तेच तेच बोलायची. "शैला, ये ना गं. आमच्याकडे अक्षराला माणूसच नाही. सर कंटाळलेत." मी म्हणायची, "पोर्टफोलिओ जुना झालाय." ती म्हणायची, "माझा कुठं नवा होता?" मग मी दोन दिवस आईवर चिडचिड करायची.

त्या वर्षी होळीनंतर ती अशीच आली होती. बोलता बोलता म्हणाली, "तुला माहितीय, इंटरव्ह्यूला सर माझ्या फोल्डरमधल्या अक्षरांपाशीच किती वेळ थांबले होते? मग मी त्यांना..." ती पुढं काहीतरी सांगत होती. मला ऐकूच आलं नाही. माझी अक्षरं! माझ्या अक्षरांवर हिला नोकरी लागली. मी इथं पंखा बंद करून 'आंब्याचे गोड लोणचे' चिकटवतेय आणि ही माझ्या अक्षरांच्या शिडीवरून वर जाऊन बसलीय. त्या रात्री मी जेवले नाही. आईला वाटलं ऊन बाधलं.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात माझ्या हातून एका लेबलावर दोन वेळा 'मसाला' चिकटला. गावड्यांनी फिल्म काढायच्या आधी पाहिलं म्हणून वाचले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काय झाला गो? तुका खय जावचा असात तर एकदा जाऊन ये. हय बसान लोकांचा लोणचा कशाक नासवतंस?" मनात ठरलं. जायचं. नवी कामं नाहीत तर नाहीत. माझं पाऊल उचललं ते नोकरीसाठी नव्हतं. त्या सरांना सांगायचं होतं, की ज्या अक्षरांपाशी तुम्ही थांबलात ती या बाईची नव्हती.

सोमवारी अर्धा दिवस सुट्टी काढून पूल ओलांडला. बंगल्याच्या आवारात बदामाचं झाड, आत गार फरशी, आणि पंखे सगळे चालू. ते पंखे पाहूनच माझं डोकं फिरलं. काचेपलीकडे उज्ज्वला कुणाशी तरी हसत बोलत होती. मला पाहून तिनं दोन्ही हात वर करून नाचवले. मी मान हलवली.

कारखानीससर पन्नाशीचे, पांढऱ्या झब्ब्यातले, हळू बोलणारे. त्यांनी माझ्या फोल्डरच्या नाड्या सोडल्या. मी वाक्य पाठ करून गेले होते. पण त्यांनी पहिलंच पान उलटलं, अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही ओळखीची आहेत. उज्ज्वलानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अक्षरं माझी नाहीत, माझ्या मैत्रिणीची आहेत, तिलाही बोलवा म्हणून. तीन वर्षं वाट बघतोय आम्ही तुमची."

माझं पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या हातात एकच दगड होता आणि तोही तिनं तीन वर्षांपूर्वीच काढून घेतला होता.

सरांनी पान उलटलं. समुद्रावरचं कुटुंब. ते बघत राहिले. मग म्हणाले, "आणि ही माणसं?"

खरं काय ते मला माहीत होतं, आणि त्यांनाही माहीत असणार. ती रेघ ते तीन वर्षं रोज बघत होते. 'उज्ज्वलाची' एवढा एकच शब्द बोलायचा होता. मी म्हटलं, "माझीच."

का म्हटलं? तिला सगळं कसं सोपं जातं, याचा राग आला होता म्हणून. सरांनी पोस्टर जरा तिरकं धरलं. त्या बापाच्या पॅन्टपाशी त्यांनी नख फिरवलं, वाळलेल्या पांढऱ्या रंगाची एक खपली निघाली आणि आतून बेलबॉटमचा घेर डोकावला. "पॅन्ट बारीक केलीत?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते हसले नाहीत, हे मला जास्त लागलं. मग म्हणाले, "ही सगळी ऐंशी सालची कामं. पाच वर्षं काय करताय?"

"लेबलं. लोणच्याची वगैरे."

"ती कुठायत?"

ती आणावीत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाच वर्षं रोज आठ तास जे केलं ते काम नाही, आणि कॉलेजात मैत्रिणीनं हात लावलेलं ते काम, असं मी धरून चालले होते. आमच्यासारख्या कितीजणींनी हीच चूक केली असेल. छापून बाजारात गेलेलं ते हलकं, आणि नाड्या बांधून कपाटावर ठेवलेलं ते मोठं. सर म्हणाले, "शनिवारी ती घेऊन या. मग बोलू."

प्रेसमध्ये प्रत्येक लेबलाची एक प्रत गावड्यांच्या फायलीत असायची. मी मागितली तर त्यांनी अख्खी फाईल माझ्यापुढं ठेवली. "हव्यात तितक्या ने. फक्त पुन्हा आणून दी." मी घरी नेली. गुरुवारी रामनवमी होती, सीझनमधल्या आमच्या मोजक्या सुट्ट्यांपैकी एक. सकाळी उज्ज्वला दारात. झोळीत ब्रश, रंग, कात्री. "चल, लागू या कामाला," म्हणाली, आणि जमिनीवर बैठक मारली.

दुपारपर्यंत आम्ही लेबलं निवडली. ती एकेक उचलून बघायची आणि म्हणायची, "काय काढलीयस गं! हा थेंब बघ! शैला, हे मला नाही जमणार." मनापासून म्हणायची. आई कौतुकानं ऐकत होती. मला ते कौतुक टोचत होतं. मग ती म्हणाली, "एखादं नवीन पोस्टर पण टाकू. अक्षरं तू कर, माणसं मी काढते."

मी म्हटलं, "सरांना मी एक खोटं सांगितलं."

"माहितीय," ती कागद कापत म्हणाली. "त्यांनी विचारलं मला त्याच संध्याकाळी. ती समुद्रावरची माणसं तुझी का म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, नाही, तिचीच."

"का? का सांगितलंस असं?"

तिनं डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. "मग काय सांगू? आलेली नोकरी घालवू तुझी? त्यात काय एवढं, यार. एक पोस्टर तर आहे."

आज इतक्या वर्षांनी लिहिताना हात जरा थबकतोय. कुणीही शहाणी बाई त्या वेळी मैत्रिणीच्या गळ्यात पडली असती. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचं नुकसान होईल तिथं ही खरं बोलते आणि माझा फायदा होईल तिथं खोटं, आणि दोन्ही वेळा हिला काही वाटतसुद्धा नाही! माझ्याकडे काय होतं? टेबल होतं, अक्षर होतं आणि हा जळफळाट. तिनं दुपारभर बसून एक पोस्टर काढलं. मी बाजूला अक्षरं आखत होते. तिच्या ब्रशखाली एक म्हातारा चहा फुंकून पिताना उठून बसला, आणि तो इतका जिवंत होता, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कौतुकाचं नव्हतं.

शनिवारी ते नवं पोस्टर मी घरीच ठेवलं. फक्त लेबलं नेली. कारखानीससरांनी ती टेबलावर पसरली. टेबलभर कैऱ्या, मिरच्या, कोकम, हळकुंडं. एक लेबल उचलून खिडकीकडे नेलं, परत आणलं. "एक तारखेपासून या," ते म्हणाले.

तिथं गप्प बसले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. मी म्हटलं, "सर, ती समुद्रावरची माणसं माझी नाहीत. उज्ज्वलाची आहेत."

आता हे ऐकणाऱ्याला प्रामाणिकपणा वाटेल. आई तर मरेपर्यंत ही गोष्ट अभिमानानं सांगायची, आमची शैला कशी खरं बोलली म्हणून. माझं मला माहीत आहे. खोट्याचं ओझं झालं होतं, हे खरं. पण ते वाक्य तोंडातून निघताना काचेपलीकडे उज्ज्वला बसली होती, तिकडे माझं लक्ष होतं, हेही तितकंच खरं. माझं खोटं उघडं पडलं की तिचंही पडणार, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते.

सरांनी तिला आत बोलावलं. ती हसत आली. "ही म्हणते माणसं तुझी आहेत. तू मला म्हणालीस तिची." उज्ज्वलाचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं. सर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "रेघ मला ओळखता येते, उज्ज्वला. पहिल्या दिवशी न विचारता खरं सांगणारी तू. म्हणून मी तुला विचारलं होतं." तिचे कान लाल झाले. मग ते माझ्याकडे वळले. "तुमचं ठरलं ते ठरलं. एक तारीख."

आम्ही दोघी बाहेर आलो. बदामाच्या सावलीत पायऱ्यांवर ती थांबली. रस्त्यापलीकडे ऊन मी म्हणत होतं. मला वाटलं आता ती 'त्यात काय एवढं' म्हणेल, आणि तसं म्हणाली असती तर मी तिथल्या तिथे नोकरी सोडून परत पूर्वेला गेले असते, खरंच गेले असते.

"बरं वाटलं तुला?" तिनं विचारलं.

"मी खरं तेच सांगितलं."

"ते नाही विचारलं मी."

ओळख झाल्यापासून उज्ज्वला माझ्यावर कधी चिडली नव्हती. आता चिडली होती, अगदी आतून, आणि तिला ते लपवता येत नव्हतं. नाकपुड्या फुगलेल्या, झोळीचा बंद मुठीत आवळलेला. माझ्याच तोंडावर मी तीन वर्षं रोज आरशात पाहिलेला तो भाव, तिच्या तोंडावर अगदी नवा दिसत होता.

"हो," मी म्हटलं. "वाटलं."

ती निघून गेली नाही. आम्ही तशाच एका पायरीवर उभ्या राहिलो. सांगायला लाज वाटते, पण तिच्या शेजारी उभं राहणं मला त्या दिवशी पहिल्यांदा सोपं गेलं.